पऱ्यापलीकडचं घर

हेमलता पाष्टे शिडी लावून दुसऱ्यांच्या कौलांवर चढायची, तेव्हा मधल्या वाडीतल्या बायका खाली खळ्यात उभ्या राहून हसायच्या. कौलांवरचा पातेरा, म्हणजे आंब्याफणसाची वाळलेली पानं, पावसाआधी एकदा खाली ओढला की झालं, असं पन्हळखोलमध्ये सगळेच मानत आले होते. आता तो माघातच काढायला लागायचा आणि फाल्गुनात आणखी दोनदा. सरकारनं हेमलताला नाव दिलं होतं ‘वणवासखी’. वाडीनं त्याचं ‘वनवासखी’ करून टाकलं होतं.

“वनवास तुझा की आमचा गो?” एखादी विचारायची.

“या वर्षी माझा,” हेमलता वरूनच म्हणायची. “ती लाकडांची रास भिंतीला टेकवून ठेवू नका. वीस पावलं लांब न्या. आणि गवताची उडवी शेतातल्या मांगरामागे.”

लोक हसायचे, पण न्यायचे. कारण २०४१ साली शेजारच्या गावात अकरा घरं जळाली होती आणि एका घरात म्हातारं जोडपं होतं. त्याआधीही वणवे लागायचे, नाही असं नाही. पण ते सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर लागायचे, गवत खायचे आणि बागेच्या दगडी गडग्यापाशी येऊन दमायचे. फेब्रुवारीच्या सकाळी दव इतकं पडायचं की चालताना लुगडं भिजायचं. ते दव गेल्या दहा वर्षांत जवळजवळ संपलं. निम्म्या बागांचे मालक मुंबईला. त्यांच्या बागांत छातीएवढं गवत वाढायचं आणि जानेवारीतच कडकडीत व्हायचं. वणव्याला आता सड्यापासून घराच्या पायरीपर्यंत कुठे थांबायचं कारणच उरलं नव्हतं.

म्हणून ‘वणवेध’ आला.

पत्त्यांच्या जोडाएवढी एक डबी असायची. ती पातेऱ्यात ठेवायची. तिच्या दोन टोकांमधून अगदी थोडी वीज जायची. पानं दमट असली तर सहज, सुकी असली तर अडखळत. त्यावरून पानांत पाणी किती उरलंय ते कळायचं. डोंगराचे चढउतार, झाडं, गडगे, घरं हे सगळं ड्रोननं आधीच मोजून ठेवलेलं होतं. वाऱ्याची माहिती सड्यावरच्या खांबांवरून यायची. तालुक्याच्या केंद्रातला संगणक हे सारं एकत्र करायचा आणि रोज दुपारी बाराला त्या डोंगराला दहा हजार वेळा आग लावायचा. हिशेबातच अर्थात. ठिणगी कधी रस्त्याकडेला पडायची, कधी विजेच्या तारेखाली. वारा कधी जरा डावीकडून, कधी जोरात. दहा हजारांपैकी सातशे वणव्यांत एखादं घर जळलं, की हेमलताच्या फोनवर त्या घरापुढे आकडा यायचा. शंभरात सात.

प्रशिक्षणात तिला सगळ्यात जास्त नवल एका गोष्टीचं वाटलं होतं. घरं ज्वाळांनी कमी जळतात. ती जळतात ठिणग्यांनी. जळतं पान, सालीचा तुकडा वाऱ्यावर दोन-दोनशे मीटर पुढे उडतो आणि कौलांच्या फटीत, पन्हळीतल्या पातेऱ्यात, दाराशी टाकलेल्या गोणपाटावर जाऊन बसतो. आग अजून लांब असते आणि घर आतून पेटलेलं असतं. म्हणजे झाडू, शिडी आणि थोडी शिस्त यांनी घर वाचू शकतं. हेमलताला हे फार पटलं. आयुष्यभर तिनं हेच तर केलं होतं.

झाडून झालं, तरी मोठं काम उरायचं ते जाळरेषेचं. वाडी होती उतारावर, अठ्ठावीस घरांची. खाली रस्ता, रस्ता ते वाडी सगळं गवत. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की आग चढाला लागणार आणि चढावर ती धावते, कारण ज्वाळा वरच्या गवतावर ओणवते आणि ते आधीच तापवून ठेवते. त्यामुळे वाडीच्या खालच्या अंगाला दहा मीटर रुंदीचा पट्टा साफ करायचा, अगदी माती दिसेपर्यंत. दक्षिणेला कातळापासून उत्तरेला पऱ्यापर्यंत. पऱ्या म्हणजे पावसाळी ओढा. या दिवसांत त्यात फक्त गोटे आणि पानं. हेमलताचा नवरा महादेव वाडीचा प्रमुख. त्यानं माणसं लावली आणि आठ दिवसांत पट्टा झाला. त्या दुपारी वाडीचा सरासरी आकडा एकतीसवरून अकरावर आला. नंतर उत्तर टोकाला असलेली एका मुंबईकराची पडीक बाग साफ केली, की तो सहावर येणार होता.

महादेवनं फोन हातात घेऊन तो आकडा सगळ्यांना दाखवला. देवळापुढे पेढे वाटले गेले.

दोन दिवसांनी हेमलता डब्यांची बॅटरी बदलून घ्यायला तालुक्याला गेली. केंद्रातली नाझनीन काझी ही सव्वीस वर्षांची मुलगी. संगणकावर तिची बोटं चालायची तेव्हा हेमलताला तांदूळ निवडणारी बाई आठवायची. नाझनीननं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर पन्हळखोल उघडलं.

“बघा काकी, तुमची वाडी कशी हिरवी झाली.”

हेमलता बघत होती. तिच्या फोनवर फक्त वाडी दिसायची. इथे भोवतालचा डोंगरही दिसत होता आणि पऱ्यापलीकडे एक राखाडी चौकोन होता.

“हे घर राखाडी का?”

“नोंद नाही. मालकानं डबी लावू दिली नाही, त्यामुळे आकडा कोणाला पाठवला जात नाही. पण हिशेबात असतं ते.” नाझनीननं त्या चौकोनावर टिचकी मारली आणि आलेला आकडा पुन्हा तपासला.

“किती आहे?”

“जाळरेषेआधी नऊ होता. आता चव्वेचाळीस.”

हेमलताला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. नाझनीननं तिला एक वणवा चालवून दाखवला. आग रस्त्याकडून चढत आली, पट्ट्याला लागली, थांबली. पण विझली नाही. पट्ट्याच्या कडेकडेनं गवत खात ती उत्तरेला सरकली, पऱ्याच्या घळीत उतरली आणि तिथून धुराड्यातून धूर जावा तशी सरळ वर गेली. घळीच्या तोंडाशीच ते घर होतं.

“आग हरत नाही काकी, वळते,” नाझनीन म्हणाली. “वाडीत शिरणारे वणवे आता तिकडे जातायत. कोण राहतं तिथे?”

“माझे मोठे दीर,” हेमलता म्हणाली. “आणि जाऊ.”

विष्णू पाष्टे, महादेवचा थोरला भाऊ, चौदा वर्षांपूर्वी वाडी सोडून पलीकडे गेला होता. त्या वर्षी फाल्गुनात त्यानं भाजावळ केली होती, म्हणजे भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर पालापाचोळा पसरून तो जाळला होता. सगळेच करायचे. त्या दुपारी वणवा लागला आणि वाडीची तीनशे काजूची झाडं गेली. सखाराम बाण्यांचा गोठा गेला, आत बांधलेल्या दोन बैलांसकट. वाडीची बैठक बसली. विष्णू म्हणत राहिला की मी विझवून आलो होतो. महादेवला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “दादाच्या वाफ्याकडूनच धूर आला, मी बघितला.” त्यानंतर दोन घरांत जाणंयेणं नाही, हळदीकुंकू नाही, एकमेकांच्या दुखण्याखुपण्याला विचारपूस नाही. जाऊ कुंदाक्का बाजारात दिसली की हेमलता भाजी निवडत राहायची आणि अक्का पुढे निघून जायची.

घरी येऊन तिनं महादेवला सांगितलं. त्यानं कोयत्याच्या धारेवर बोट फिरवलं.

“डबी लावू दिली असती तर आधीच कळलं असतं,” तो म्हणाला.

“कळलं असतं. पण ते चव्वेचाळीस आपण केलेत.”

“मग काय करायचं? रेषा बुजवायची?”

“पुढे न्यायची. पऱ्या ओलांडून, त्यांच्या घराखालून, पलीकडच्या कातळाला भिडवायची. नाझनीन म्हणते सहा दिवसांचं काम आहे.”

“सहा दिवस म्हणजे पडीक बागेचं काम राहिलं. चौदा तारखेपासून उष्णता वाढतेय.”

“हो. वाडी अकरावरच राहील.” ती थांबली. “आपलं घर त्या बागेला लागून आहे. आपण चौदावर राहू. बाग साफ झाली तर पाच.”

महादेवनं कोयता खाली ठेवला. “लोक नाही यायचे हेमा. बाणे तर नाहीच. आणि दादा आपल्याला त्याच्या जमिनीत पाय ठेवू देईल?”

“ते मी विचारून येते,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पऱ्या उतरली. गोट्यांवर पानांचा एवढा थर होता की पाय घोट्यापर्यंत बुडत होता. वर घर नीटनेटकं होतं, खळं सारवलेलं. पण पडवीला लागून लाकडांची रास आणि कौलांवर दोन बोटं पातेरा. कुंदाक्का तांदूळ पाखडत होती. तिनं हेमलताला बघितलं, सूप खाली ठेवलं आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली.

“बस,” ती म्हणाली. 

विष्णूदादा बाहेर आले. अडुसष्ट वर्षांचे, दाढी वाढलेली. “कोणी पाठवलं तुला?”

“कोणी नाही. मीच आले.”

तिनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. 

“म्हणजे आधी नऊ होता,” दादा म्हणाले. “आणि चव्वेचाळीस कोणी केला?”

“आम्ही केला, दादा.”

दादा पायरीवर बसले. त्यांना राग येईल असं तिला वाटलं होतं. त्यांनी पऱ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “तुझं ते यंत्र पुढचं सांगतं. मागचं सांगतं काय?”

“मागचं म्हणजे?”

“तो दिवस. माझ्या वाफ्यातून लागली की नाही.”

अक्का पुन्हा तांदूळ पाखडत होती. तिचे हात थांबले.

“विचारून बघते,” हेमलता म्हणाली. “पण रेषेचं काय?”

“आधी ते बघ. मग बोलू.”

नाझनीनला दोन दिवस लागले. त्या तारखेचा वारा जुन्या वेधशाळेच्या नोंदीत मिळाला. उपग्रहाच्या एका सकाळच्या चित्रात पन्हळखोलच्या उतारावर ताजे काळे ठिपके दिसत होते. एक नाही, चार. त्या दिवशी चौघांनी भाजावळ केली होती. नाझनीननं चारही ठिकाणांहून दहा हजार वेळा तो वणवा चालवला आणि जळालेल्या झाडांच्या जुन्या पंचनाम्याशी ताडून बघितला.

“शंभरात बावन्न वेळा विष्णू पाष्ट्यांच्या वाफ्यातून,” तिनं फोनवर सांगितलं. “एकतीस वेळा सखाराम बाण्यांच्या. उरलेले दोघांत वाटून. काकी, यावरून काहीच ठरत नाही, हे त्यांना नीट सांगा.”

हेमलता तसंच सांगायला गेली. दादांनी ‘बावन्न’ ऐकलं आणि डोळे मिटले.

“दोन बादल्या ओतल्या होत्या मी,” ते म्हणाले. “तेव्हा पऱ्याच्या डोहात पाणी असायचं, तिसरी आणायला तिथं जायचं होतं. पाठ दुखत होती. वाटलं विझलंय. सगळ्यांना छातीवर हात मारून सांगितलं, विझवलं म्हणून. पण त्या तिसऱ्या बादलीचं मला रोज आठवतं, हेमलता.”

“दादा, बावन्न म्हणजे तुमच्याकडून लागली असं नाही. उरलेले अठ्ठेचाळीस दुसऱ्या तिघांचे आहेत. त्यांची नावं…”

“नावं सांगू नकोस.” त्यांनी हात वर केला. “मला नको आणि वाडीलाही नको. चौदा वर्षं एक माणूस झोपला नाही तेवढं पुरे.”

अक्कानं पदरानं तोंड पुसलं. “आता रेषा आखायला कधी येणार ते सांग.”

त्याच संध्याकाळी, ऊन उतरायच्या आत, देवळापुढे वाडी बसली. हेमलतानं सगळे आकडे वाचून दाखवले, वाडीचा अकरा आणि सहा, पलीकडचा नऊ आणि चव्वेचाळीस. कुरकुर सुरू झाली. ज्यानं आग लावली त्याच्यासाठी आम्ही सहा दिवस का घालवायचे, असं कोणीतरी मागून म्हणालं. तेवढ्यात पायवाटेनं विष्णूदादा येताना दिसले. चौदा वर्षांत पहिल्यांदा. 

दादा बसले नाहीत. “तेव्हा मी म्हणालो होतो की माझ्याकडून लागली नाही,” ते म्हणाले. “ते मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. आता यंत्रानं मोजलंय. शंभरात बावन्न वेळा माझ्याकडून. निम्म्याच्या वरच की. सखाराम, तुझे बैल माझ्यामुळे गेले असतील. एवढंच सांगायला आलो. रेषेचं तुम्ही ठरवा. नाही आलात तरी माझं म्हणणं नाही.”

सखाराम बाणे साठीचा, रुंद खांद्यांचा माणूस. तो जमिनीकडे बघत होता. “आणि बाकीचे अठ्ठेचाळीस?” त्यानं विचारलं.

 हेमलतानं तोंड उघडलं, पण दादा आधी बोलले.

“ते मोजले नाहीत.”

बाणे मान वर करून दादांकडे बघत राहिला. चौदा वर्षांपूर्वी त्या सकाळी आपणही भाजावळीला काडी लावली होती हे तो विसरला नसणार. मग तो उठून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी पऱ्यापाशी हेमलता आणि महादेव पोचले, तेव्हा मोजून चार माणसं आली होती. महादेव भावाच्या जमिनीच्या कडेला उभा राहिला आणि पुढे पाऊल टाकेना. दादाच वरून खाली आले.

“इथून धर,” ते म्हणाले. “ती करवंदीची जाळी मुळासकट काढायला लागेल.”

“हो दादा,” महादेव म्हणाला आणि वाकला. त्यांच्यात बोलणं एवढंच झालं. दिवसभर दोघं एकाच जाळीच्या दोन बाजूंनी कोयते चालवत होते.

तिसऱ्या दिवशी बाणे आला. आपल्या दोन पुतण्यांना घेऊन आला आणि सरळ पट्ट्याच्या पुढच्या टोकाला जाऊन गवत कापायला लागला. त्यानंतर माणसं वाढली. हेमलता आणि अक्का घराच्या मागे लागल्या. अक्का शिडी धरायची, हेमलता कौलं झाडायची. लाकडांची रास हलली. दाराच्या फटी मातीनं लिंपल्या. डबी घरापासून लांब पातेऱ्याच्या ढिगात ठेवली, तेव्हा अक्का म्हणाली, “एवढीशी गो ही. हिला एवढा नकार दिला आम्ही.”

पाचव्या दिवशी दुपारी पावणेदोनला रस्त्याच्या कडेनं धूर दिसला. आग कुठून लागली ते अजूनही ठरलेलं नाही. हेमलता तेव्हा वाडीत होती. फोन वाजला.

“काकी, खरी आहे,” नाझनीन म्हणाली. “वारा ताशी अठ्ठावीस किलोमीटर. वीस-बावीस मिनिटांत रेषेला लागेल. अग्निशमनाची गाडी निघालीय, पण तिला पाऊण तास लागेल.”

“पलीकडची रेषा साठ पावलं राहिलीय.”

“मला दिसतंय. तिथं लगेच पुरी झाली तर ते घर वाचेल असं दिसतंय. माणसं परत वाडीत आणली आणि पडीक बागेच्या कडेचा पातेरा मागे ओढला, तर तुमच्या बाजूची चार घरं जास्त सुरक्षित होतील. दोन्ही होणार नाही.”

पुढचा फोन महादेवचा होता. मागून कोयत्यांचे आवाज येत होते. “हेमा, आम्ही बारा जण आहोत. परत येऊ का?”

ती स्वतःच्या घराच्या खळ्यात उभी होती. मागे पडीक बाग, छातीएवढं पिवळं गवत, त्यातून उष्ण वाऱ्याचा आवाज. तिला एवढंच दिसत होतं की वाडीत या घडीला कोणी घरात अडकलेलं नाही. उष्णतेचा इशारा होता म्हणून म्हातारी माणसं, गुरं तिनं सकाळीच कातळावर पाठवली होती. पलीकडे अक्काला गुडघ्यांमुळे चढ चढवत नाही.

“येऊ नका,” ती म्हणाली. “तिथलं पुरं करा.”

मग तिनं बायकांना ओळीनं उभं केलं. ओली गोणपाटं, बादल्या, झाडू. आग आली ती आधी आवाजानं आली, वाळलेलं बांबूचं बेट एकदम फुटावं तशी. धुरानं सूर्य तांबडा झाला. रेषेपाशी ज्वाळा थांबल्या आणि अगदी पडद्यावर पाहिलं होतं तशाच उत्तरेला सरकू लागल्या.  आग पऱ्यात उतरली. मग पलीकडे एक मोठा लोळ उठला आणि पुढे काही दिसेना.

तेवढ्यात डोक्यावरून ठिणग्या जायला लागल्या. वाडीच्या अंगणांत पडल्या त्या बायकांनी जागच्या जागी विझवल्या. पण पडीक बागेत पडल्या त्यांना कोण विझवणार? आतून एकदम भडका झाला. चार बायका आणि हेमलता गडग्यापाशी गोणपाटं आपटत राहिल्या. उष्णता एवढी की डोळे उघडेनात.

“मागे चला,” तिनं शेवटी सांगितलं. “सगळ्या मागे.”

गॅसचा सिलिंडर तिनं आधीच बाहेर काढलेला होता, कागदांची पेटीही. घरात राहिलं ते शिवणयंत्र, चार पोती भात, मुलीच्या बाळंतपणासाठी शिवून ठेवलेल्या गोधड्या. पाठीमागच्या कौलांखालून धूर यायला लागला तेव्हा ती बाण्यांच्या खळ्यात उभी होती. शेजारच्या तीन घरांची कौलं बायकांनी भिजवत ठेवली. तिच्या घरापाशी कोणाला जाता आलं नाही. गाडी आली तोवर मधला वासा खाली बसला होता.

पऱ्यापलीकडचं घर उभं होतं. साठ पावलांपैकी शेवटची दहा पावलं माणसांनी हातांनी गवत उपटून पुरी केली होती. बाण्याच्या दोन्ही पंज्यांना फोड आले होते. आग पट्ट्यापाशी आली, कातळाकडे वळली आणि खायला काही न मिळाल्यानं विझली. महादेव काळाठिक्कर होऊन धावत वाडीत आला आणि आपल्या घराच्या जागी धूर बघून खाली बसला. हेमलता त्याच्याजवळ गेली.

“मीच सांगितलं तुम्हाला येऊ नका म्हणून,” ती म्हणाली.

“माहीत आहे,” तो म्हणाला. “मी ऐकलं ना.”

त्या दिवसापासून दोघं दादांच्या घरी राहायला गेले. दुसरा काही विचारच कोणी केला नाही. दादा स्वतः पेटी उचलून पुढे चालायला लागले. पुढच्या आठवड्यात वाडीतली माणसं येऊन जळके वासे बाजूला करायची. दोघे भाऊ सकाळी एकत्र जायचे, मोजमाप घ्यायचे, कुठली भिंत ठेवता येईल यावर वाद घालायचे. नाझनीन येऊन पाहणी करून गेली. पन्हळखोलचा एक घर सोडून सगळा नकाशा हिरवा होता. तिनं हेमलताचा हात बराच वेळ धरून ठेवला.

सगळे हेमलताला चांगलं म्हणत होते. शेजारच्या तीन गावांतून लोक तिला बघायला येऊन गेले. ती चहा करायची, रेषा कशी आखायची ते सांगायची, हसायची. नवव्या दिवशी सकाळी ती अक्काबरोबर पडवीत तांदूळ निवडत बसली होती. समोर खळ्यात ऊन पडलं होतं, कौलं जागच्या जागी होती, तुळशीचं एक पानसुद्धा करपलेलं नव्हतं. तिचे हात थांबले.

“अक्का, एक सांगू? रागवणार नाही ना?”

“सांग.”

“हे घर बघितलं की मला राग येतो. सकाळी उठले की पहिली हीच कौलं दिसतात. मीच सांगितलं होतं, मला कोणी जबरदस्ती केली नव्हती. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच सांगेन बहुतेक. तरी येतो. त्या गोधड्या आठवतात. तुमच्या चुलीवर भाकरी भाजताना येतो. दादांनी प्रेमानं ताट वाढलं तरी येतो.” तिनं मूठभर तांदूळ परत सुपात टाकले. “लोक मला देवी करून ठेवतायत आणि मी इथे बसून तुमच्या कौलांवर जळतेय.”

 कुंदाक्कानं दोन खडे वेचून बाजूला टाकले.

“वाडीच्या बैठकीत तुझा नवरा भावाविरुद्ध बोलला, तेव्हा तू मागे बायकांत बसली होतीस,” ती म्हणाली. “मी तुझ्याकडे बघत होते. वाटलं हेमा तरी काही म्हणेल. तू खाली बघितलंस. त्याचा राग मला चौदा वर्षं आला. पऱ्याच्या या बाजूला बसून एकटीनं केला मी तो. कोणाला सांगायला माणूस नव्हतं. ह्यांना सांगावा तर हे आधीच अर्धे झालेले.”

हेमलतानं मान वर केली.

“तू आलीस त्या दिवशी पाणी आणायला आत गेले, तेव्हा मडक्यापाशी उभी राहिले. म्हटलं, देऊ नये पाणी. मग दिलं.” अक्कानं सूप तिच्या बाजूला सरकवलं. “येतोय तर येऊ दे राग. नवं घर होईल, तरी लगेच जाणार नाही तो. पण तो तिकडे राखेत बसून करू नकोस. इथं राहून कर, माझ्यासमोर. मला ऐकू दे.”

हेमलता रडली, पहिल्यांदाच, आगीच्या दिवसानंतर. अक्कानं तिला गप्प केलं नाही. ती तांदूळ निवडत राहिली आणि हेमलताच्या वाटणीचेही निवडले. बऱ्याच वेळानं खालून पऱ्याच्या वाटेनं दोघा भावांचे आवाज आले. नव्या घराच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला ठेवायची की उत्तरेला, यावर ते भांडत होते. हेमलतानं डोळे पुसले.

“पूर्वेला,” ती तिथूनच मोठ्यानं म्हणाली. “स्वयंपाक मला करायचाय.”